माझं शरीर या सर्जरीला पुरेल का?

"ताई, माझी त्वचाच मुळात कमी आहे. माझं नीट होईल का?" योनिमार्ग तयार करण्याच्या सर्जरीचा विचार करणाऱ्या ट्रान्स स्त्रिया माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा बोलणं फिरून फिरून इथेच येऊन थांबतं. कुणाची लहानपणी सुंता झालेली असते, कुणाला आपल्या कमरेची हाडं अरुंद वाटतात, कुणी मैत्रिणीचे फोटो बघून धसका घेतलेला असतो. म्हणून एकीची हकीकत सांगते. तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. आपण तिला रेवती म्हणू.

रेवती मार्केट यार्डात एका भुसार गाळ्यावर हिशेब लिहायची. हॉर्मोन्स सुरू होऊन काही वर्षं झाली होती. बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत ती आणि तिची आत्या राहायच्या. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून शाळेतली प्लास्टिकची पट्टी काढून टेबलावर ठेवली. पंधराच्या आकड्यावर लाल बॉलपेनने रेघ मारलेली.

"मार्गाला एवढी खोली मिळाली नाही तर सर्जरी करून उपयोग काय?"

तिची भीती अगदीच निराधार नव्हती, हे आधी सांगायला हवं. कॅसाब्लांकात डॉ. जॉर्ज बुरू यांनी १९५६ साली जी पद्धत सुरू केली, तिच्यात शिश्नाची त्वचा आत वळवून योनिमार्गाचं अस्तर करतात. आजही बहुतेक ठिकाणी तिचीच सुधारलेली रूपं चालतात. त्यामुळे त्वचा किती आहे, याला महत्त्व आहेच. सुंता झालेली असेल, किंवा वयात येतानाच औषधांनी वाढ थांबवलेली असेल, तर त्वचा कमी पडू शकते. मग अंडकोशाची त्वचा जोडतात, पोटातल्या पातळ आवरणाचा म्हणजे पेरिटोनियमचा भाग घेतात, किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा वापरतात. नवा मार्ग पुढे मूत्राशय-प्रोस्टेट आणि मागे गुदाशय यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून काढावा लागतो. पुरुषी वाढीत तयार झालेली हाडांची चौकट तिथे अरुंद असते आणि मोठेपणी हॉर्मोन्सनी ती रुंदावत नाही. खालचे स्नायूही घट्ट असतात, पण ते सैल सोडायला फिजिओथेरपीत शिकता येतं. संवेदनेचा प्रश्न वेगळा. शिश्नाच्या टोकाचा भाग नसांसकट राखून त्याची क्लिटोरिस करतात. खोली कमी म्हणून सुख कमी, असं गणित नाही.

हे सगळं रेवतीला तोंडपाठ होतं. माहिती हवी असती तर ती सर्जनकडेच थांबली असती. मी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेने काम करणारी बाई. माणसाला वस्तुस्थितीपेक्षा तिच्याबद्दल धरलेला हट्ट जास्त छळतो, यावर माझा विश्वास आहे. पण हट्टाला सरळ धडक दिली की तो आणखी घट्ट होतो, हेही मी या खुर्चीत बसूनच शिकले. म्हणून पट्टीबद्दल वाद घातला नाही. एवढंच सांगितलं, की लंडनच्या डॉक्टरांनी २००५ साली पन्नास बायकांची मापं प्रसिद्ध केली. जन्मजात योनिमार्ग असलेल्या बायका, आणि लांबी साडेसहापासून साडेबारा सेंटिमीटरपर्यंत. तिने पट्टीकडे पाहिलं, पण काही बोलली नाही.

मग तीन-चार भेटींनंतर मी विचारलं, "समज, सर्जरी होऊन वर्ष झालंय. सकाळी उठल्यापासून सांग, काय वेगळं आहे?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"न्हाणीघरात दिवा लावीन."

"आता लावत नाहीस?"

"नाही. अंधारातच. आतले कपडे अंगावर ठेवूनच तांब्याने पाणी घेते. कळायला लागल्यापासून असंच." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "ताई, यात सेंटिमीटर कुठे आले हो?"

असा क्षण आला की आपण गप्प बसायचं असतं. नवख्या समुपदेशकांना मी हेच सांगते आणि त्यांना हेच सगळ्यात जड जातं.

यावरून मी तिला खोलीशिवायच्या सर्जरीकडे वळवलं, असं कुणाला वाटेल. तीत बाहेरची रचना होते, आतला मार्ग नसतो, मार्ग आकसू नये म्हणून आत घालून ठेवायच्या दांडीची, म्हणजे डायलेटरची, कटकट नसते. हा पर्याय तिला माहीत असायला हवा होता, म्हणून सांगितला. तिने त्यावर महिनाभर विचार केला आणि मार्ग हवाच असं ठरवलं. फक्त आता तो का हवा, ते तिचं तिला सांगता येत होतं. किती, ते सर्जनवर सोडलं.

आणि इथून पुढे आमचं बोलणं कामाचं झालं. तंबाखूने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, म्हणून सर्जरीआधी काही आठवडे ती पूर्ण बंद लागते. सर्जनने विचारलं तेव्हा ही म्हणाली, "मी सिगारेट ओढत नाही." खरंच होतं ते. पण आत्याच्या सवयीने ती रोज सकाळी मिश्री लावायची! मिश्री म्हणजे तंबाखूच, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. हाडांच्या काळजीने रात्री जागायचं आणि सकाळी उठून मिश्री लावायची. आपल्यातल्या कितीजणी असंच करतो.

तेव्हा त्याच शंकेने झुरणाऱ्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे: सर्जनला "माझं चांगलं होईल का" असं विचारू नका. माझी त्वचा बघून तुम्ही कोणती पद्धत घ्याल, ती कमी पडली तर पुढे काय, आत जाणाऱ्या त्वचेवरचे केस आधी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिसने काढायला किती महिने लागतील, हे विचारा. डायलेटर सुरुवातीला दिवसातून अनेकदा घ्यावा लागतो, नंतर कमी, पण सहसा कायमचा सुटत नाही. त्यासाठी घरात कडी लागणारी खोली आहे का, ते आधी बघा. रेवतीच्या घरी नव्हती. आत्याने सुताराला बोलावून आतल्या खोलीला कडी बसवून घेतली आणि मिश्रीचा डबा शेजारणीला देऊन टाकला.

सर्जनने तपासून सांगितलं, अंडकोशाची त्वचा जोडावी लागेल, आणि आकडा आधी देता येणार नाही. रेवतीने वहीत टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "दिवाळीआधी गाळ्यावर हिशेबाची गर्दी असते. रजा किती टाकू?"