पाऊस पडतो, मग पाण्याची बोंब का?

प्रश्न: प्रशांत महासागरातल्या तुवालू या छोट्या बेटांच्या देशात भरपूर पाऊस पडतो म्हणे, तरी पाणी कमी कसं पडतं? समुद्राचं पाणी गोडं करायची मशीन बसवली की झालं ना?

उत्तर: अहो तिथे ना नदी ना डोंगर, छपरावरचं पाणी टाकीत साठवायचं हाच मुख्य आधार, आणि जमिनीखाली खारं पाणी शिरतंय. २०११ मध्ये ला निनामुळे (प्रशांत महासागराचं पाणी गार पडून हवामान बदलतं ते) कित्येक महिने पाऊस फारच कमी, शेवटी आणीबाणी लागली, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाने मशीनी पाठवल्या, तेव्हा त्या मशीनींनीच तारलं, खोटं कशाला बोला. पण मशीनला वीज लागते, पार्ट गेला की बोटीची वाट बघा! म्हणून मी तरी म्हणेन आधी पन्हळी आणि टाक्या नीट करा, आणि देखभालीचे पैसे कौपुलेकडे, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीकडेच द्या.