डिस्क गेलेली नाही. फॉरमॅट करू देऊ नका

दहाव्या पिढीचा इंटेल लॅपटॉप. विंडोज ११ च्या शेजारी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकायला गेलात, इन्स्टॉलरने ‘आरएसटी बंद करा’ (आरएसटी म्हणजे इंटेलची डिस्क हाताळायची व्यवस्था) म्हणून अडवलं, तुम्ही बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन आरएसटीच्या जागी एएचसीआय हा साधा मोड केला, आणि आता विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’च्या निळ्या स्क्रीनपुढे जात नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, डिस्क गेली, फॉरमॅट करावी लागेल. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली, कारण अक्षरशः हेच माझ्याबाबतीत घडलंय.

आधी बायोसमध्ये जा आणि ती सेटिंग होती तशी परत करा. बहुतेक वेळा विंडोज निमूट चालू होतं. डिस्कला काहीही झालेलं नसतं. लॅपटॉप आरएसटीवर बसवून आलेला असतो, त्यामुळे विंडोजने सुरू होतानाच लागणारा दुसरा, साधा एनव्हीएमई ड्रायव्हर (एसएसडी चालवणारा) तयार ठेवलेला नसतो. मोड बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही, एवढंच. उबुंटूची अडचण उलटी: त्या पिढीत आरएसटी एसएसडीला स्वतःच्या आड लपवतं आणि लिनक्सला पलीकडचं दिसत नाही.

मी तेव्हा ही सेटिंग परत करून पाहिली नाही. घाबरून लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला दिला. काउंटरवर ‘या मशीनला लिनक्स सपोर्ट नाही, तुम्ही डिस्क खराब केलीत’ असं ऐकवलं आणि मी सही करून दिली. त्या कागदावर ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ असं छापलेलं होतं, ते वाचूनही दिली. त्यांनी फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकलं. चार वर्षांचं काम गेलं. रिकव्हरी सॉफ्टवेअरने काहीच हाती लागलं नाही: एसएसडीत ट्रिममुळे (कुठली जागा पुसली ते डिस्कला कळवणारी सोय) पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी होते, शिवाय माझी डिस्क एन्क्रिप्टेड होती आणि हे मला माहीतच नव्हतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. बायोसमधली एक ओळ परत फिरवून पाहा, असं त्या काउंटरवर एकानेही सुचवलं नाही, याचा राग मला आजही आहे.

म्हणून सेटिंग परत केल्यावर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून बघा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर की तिथल्या आयटीकडे असेल.

विंडोज उघडलं की सगळ्यात आधी बॅकअप. मग उबुंटू हवंच असेल तर क्रम असा: एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा. सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’ला खूण करा. रीस्टार्ट करताना मध्ये विंडोज उघडू न देता थेट बायोसमध्ये शिरा आणि एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये विंडोज तो ड्रायव्हर स्वतः पकडतं. मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा; मी इथे एकदा अर्धा तास अडकले होते.

हे माझ्या आणि दोन मित्रांच्या मशीनवर चाललं. तुमच्या बायोसमध्ये नावं वेगळी असतील, आणि आरएसटीखाली दोन डिस्क जोडलेल्या असतील किंवा ऑप्टेन (इंटेलची डिस्कचा वेग वाढवणारी मेमरी) असेल तर हे मुळीच करू नका, आधी इथे लिहा. अकराव्या पिढीपासून पुढे हीच भानगड व्हीएमडी नावाने येते, पण तिथे लिनक्सपेक्षा विंडोजचाच इन्स्टॉलर डिस्क दिसत नाही म्हणून अडतो; त्याला ‘लोड ड्रायव्हर’मधून ड्रायव्हर द्यावा लागतो.

‘सपोर्ट नाही’ हे शब्द कुणी वापरले की मी आता विचारते: नेमक्या कुठल्या भागाला? वाय-फाय कार्ड, टचपॅड, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं हे सगळं लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे उबुंटू इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून, डिस्कला हात न लावता तपासता येतं. तेही उबुंटू टाकण्याआधी करून घ्या.

पण ते नंतर. आज रिकव्हरी की सापडली का, एवढं कळवा. तोवर लॅपटॉप त्या दुरुस्तीवाल्याकडे असेल तर परत आणा.