नगावर इन्सेंटिव्ह दिला आणि कामगारांच्या सूचना घेतल्या, तर उत्पादन खरंच वाढतं का?

वाढतं. तुम्ही लिहिलंय की चाकणला चाळीस माणसांचं वर्कशॉप आहे, नगावर इन्सेंटिव्ह लावायचाय आणि सोबत सूचना पेटीही ठेवायचीय. दोन्ही एकदम करताय म्हणून लिहायला बसलो. या दोन्हींच्या मध्ये मी एकदा चांगला चेपलो गेलोय.

१९९४ ची गोष्ट. भोसरीच्या एका कंपनीत मी रेडियल ड्रिलवर, म्हणजे भोकं पाडायच्या मशीनवर होतो. जॉब म्हणजे सहा किलोचं कास्टिंग, ओतीव लोखंडाचा तुकडा, मध्ये मोठं आरपार भोक, म्हणजे बोअर, भोवती सहा भोकं. जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरला मधोमध स्टड, म्हणजे आटे पाडलेला उभा दांडा, त्यात जॉब, त्यावर वॉशर, वर नट. दर नगाला नट पुरता काढायचा, जॉब उचलायचा, दुसरा बसवायचा, नट परत आवळायचा. नगाला सव्वाचार मिनिटं. नॉर्म, म्हणजे दिवसाला काढायचेच नग, ९० चा, पुढच्या प्रत्येक नगाला दीड रुपया. दाबून काम केलं की १०४ निघायचे. म्हणजे दिवसाला २१ रुपये वरचे.

नट तसाही बोअरमधून आरपार जात होता. आड यायचा तो वॉशर. मी वॉशरला एका बाजूने खाच पाडली. मग नट अर्धा फेरा सैल करायचा, वॉशर बाजूला ओढायचा आणि जॉब नटावरून वर. टूलरूमवाले याला सी-वॉशर म्हणतात, मी काही शोध लावला नव्हता. पण नगाला पाऊण मिनिट वाचलं. दोन महिने गुपचूप वापरला. नग १०४ च दाखवायचे आणि वाचलेला सव्वा तास दम खायचा. कामाचा वेळ मोजणारा स्टॉपवॉचवाला शॉपमध्ये शिरला की माझा वॉशर खिशात आणि जुना फिक्श्चरवर. हातचं राखून काम करणं आमच्याकडे पाप नव्हतं, त्यालाच शहाणपण म्हणायचे.

मग सूचना योजना आली. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, नुसते हात नकोत, तुमचं डोकं पाहिजे. मी पाघळलो. वॉशर काढून दिला. २५१ रुपये, एक स्टीलचा डबा आणि नोटीस बोर्डावर फोटो. तिसऱ्या आठवड्यात नॉर्म ११० झाला.

आता हिशोब बघा. जीव काढून १२६ काढले तर १६ नग वरचे, म्हणजे २४ रुपये. आधी २१ मिळत होते. तीन रुपयांसाठी रोज २२ नग जादा, म्हणजे १३२ किलो लोखंड जादा उचलायचं. तेसुद्धा दोनदा, चढवताना आणि उतरवताना. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या डब्यातली भाजी आम्ही भरतोय." पुढे फिक्श्चरचे दोन सी-वॉशर गायब झाले. कूलंटची टाकी साफ करताना गाळात सापडले. कोणी टाकले ते मला माहीत होतं, सांगितलं नाही. माझ्याकडे आणखी दोन युक्त्या होत्या, त्या २०११ ला व्हीआरएस घेईपर्यंत माझ्याकडेच राहिल्या. कंपनीचं उत्पादन वाढलं का? हो, वाढलं. एकदाच.

माझे साडू दुसऱ्या कंपनीत टाइम स्टडीलाच, म्हणजे स्टॉपवॉच घेऊन वेळ मोजायच्या कामालाच होते. प्रत्येक लग्नकार्यात हा वाद होतो. ते म्हणतात, पद्धत बदलली की वेळ बदलणारच, त्यात अन्याय कसला? वर अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिकचं उदाहरण देतात. तिथेही नगावर पैसे, आणि माणूस जास्त कमावतो म्हणून रेट पाडत नाहीत, पण पद्धत बदलली तर रेट नव्याने बसवतात. खरंय. पण साडूभाऊ, त्याच कंपनीत १९१४ पासून कामगारांनी निवडलेल्या माणसांचं सल्लागार मंडळ आहे आणि १९३४ पासून नफ्यातून वर्षाअखेरीचा बोनस आहे, हे तुम्ही दरवेळी गाळता. युक्ती देणाऱ्याला दुसऱ्या वाटेने तरी काही परत मिळतं. मला डबा मिळाला.

सहभागाचं म्हणाल तर आमच्याकडे वर्क्स कमिटी होती, साहेब आणि कामगार दोघांच्या माणसांची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असले की तशी तरतूद होती, म्हणून. तिच्यात कॅन्टीनचा चहा, बूट आणि पंखे एवढंच निघायचं. नॉर्मचा विषय काढला की साहेब घड्याळ बघायचे. असला सहभाग नसलेला बरा. आणि दिवाळीचा बोनस इन्सेंटिव्हमध्ये धरू नका. कायद्याने ८.३३ टक्के तोट्यातही द्यावा लागतो, त्यासाठी कोणी जोरात हात चालवत नाही.

तुम्ही एवढं करा. नॉर्मच्या कागदावर तारीख घाला आणि वर्षभर तो हलणार नाही असं सही करून लावा, पद्धत बदलली तरी. साडू याला वेडेपणा म्हणतील. म्हणू द्या. पैसे ओके नगांचेच द्या, नाहीतर रिजेक्शनचा ढीग मोजत बसाल. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं असतील तर वेग मशीनच्या हातात असतो, तिथे माणशी इन्सेंटिव्ह लावून उपयोग नाही, सेलला, म्हणजे त्या मशीनांच्या सगळ्या गटाला मिळून द्या. अर्थात मी आयुष्यभर एकच कंपनी पाहिली, तीही जुन्या मशीनांची, तेव्हा यातलं थोडं वजा करून घ्या.

आणि पेटी लावण्याआधी एक बघा. तुमच्या चाळिसातल्या दोघा-तिघांच्या खिशात आत्ताही असा वॉशर असेल. जेवणाच्या सुट्टीनंतर न सांगता शॉपवर चक्कर मारा. स्टॉपवॉच मात्र केबिनमध्येच ठेवून जा.