कारणासकट लिही

प्रिय मित्रा,

बांधकामाच्या साइटवर शिकलेलं लिहून चारचौघांना द्यावं की जवळ ठेवावं, असा तुला प्रश्न पडलाय. दिलं तर आपली किंमत कमी होईल, ही एक भीती. सगळं कोडात, म्हणजे बांधकामाच्या छापील मानकांत आहेच, मी नवं काय सांगणार, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत, तेव्हा सोड ते. लिही, आणि कारणासकट लिही.

वाळूचंच घे. मिस्त्री म्हणतो, ‘पावसाळ्यात वाळू जरा जास्त घ्या.’ बरोबरच म्हणतो. पण किती आणि का, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तूही नुसतं ‘जरा जास्त’ लिहिलंस तर कागद फुकट गेला. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. चार-पाच टक्के ओल असताना सर्वांत जास्त. बारीक वाळू जाड वाळूपेक्षा अधिक. पूर्ण पाण्यात बुडाली की पुन्हा खाली बसते, म्हणून तपासणी सोपी. २५० मिलीच्या काचेच्या मापात ओली वाळू २०० च्या रेघेपर्यंत सैल भर. पाणी ओत, ढवळ, बसू दे. ती १६० वर आली तर फुगवटा ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के. ४० भागिले २०० नव्हे! ही चूक सर्रास होते.

म्हणजे फर्म्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने, काँक्रीटचा माल मोजत असशील तर सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ या प्रमाणाला सिमेंटच्या एका पोत्यामागे (३५ लिटर) ५२.५ नाही, सुमारे ६५.५ लिटर ओली वाळू लागते. ती दिली नाही तर वाळू कमी पडते, खडीतल्या फटी भरत नाहीत, माल खरखरीत होतो, मिस्त्री पाणी वाढवतो, आणि शटरिंग काढल्यावर कॉलमच्या तळाशी हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी भोकं. मग सगळे माल हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरवाल्यावर ओरडतात. शिवाय त्या वाळूतून चारेक लिटर पाणी आधीच आत आलेलं असतं. पोत्याला २५ लिटर ठरलं असेल तर मिक्सरमध्ये २१ च ओतायचं.

वाळूच्या फुगवट्याचं हे आयएस २३८६ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे, मान्य. पण तालुक्याच्या गावी बंगल्याचा स्लॅब टाकणारा सुपरवायझर ते इंग्रजी कोड उघडत नाही, आणि फर्मा असतो त्याच्याच हाताखाली. त्याला नुसता आकडा दिलास तर कोरड्या वाळूलाही तो २५ टक्केच धरेल. कारण कळलं तर पुढच्या साइटवर स्वतः मोजेल. एवढ्यासाठी मी हट्टाने कारण मागतो. इतकं तपशिलात कोण वाचतं, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

तुझी किंमत त्या आकड्यात नाहीच. ट्रकमधली वाळू मुठीत घेऊन ‘आज पुन्हा मोजू’ म्हणण्यात आहे, आणि ते कुणी वाचून उचलून नेत नाही.

वेळ नाही, हे मला सांगू नकोस. काँक्रीट ओलं ठेवायला स्लॅबवर वाफे बांधून पाणी भरलं की अर्धा तास सापडतो. मालकाचं नाव, ड्रॉइंग, दर यांतलं काही बाहेर जाऊ देऊ नकोस. मोजलेलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं, ते वेगळं दाखव. कुणी चूक काढली तर त्याच पानावर तारीख घालून दुरुस्त कर.

या आठवड्यात नदीची वाळू आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), दोन्हींचा फुगवटा काढ आणि लिहून मला पाठव. फरक का पडला ते त्यात नसेल तर कागद परत येईल.