भाडं थकवलेल्या भाडेकरूकडून वकिलाची फी वसूल होते का?

बेळगावात वरचा मजला भाड्याने दिलाय, भाडेकरूने सहा महिन्यांचं भाडं आणि लाईट-पाण्याचे पैसे थकवलेत, कोर्टात गेलो तर वकिलाची फी त्याच्याकडून मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मिळते, पण वकिलाला तुम्ही मोजाल तेवढी मिळत नाही. तरीही दावा लावा असंच मी सांगेन. याच मुद्द्यावरून आमच्या घरात अजून वाद होतात.

बेळगावातच शहापूरला आमचं सासऱ्यांच्या वेळचं घर आहे. माडीवरच्या दोन खोल्या साडेसहा हजाराने दिल्या होत्या, लाईटला वेगळा सबमीटर. माणूस उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या वसाहतीत कामाला, बोलायला गोड. सुरुवातीला भाडं वेळेवर यायचं. मग "पगार झाला नाही काकू", "गणपती झाले की देतो", "पुढच्या महिन्यात एकदमच देतो की" सुरू झालं. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याचा सूरच बदलला. मी दर महिन्याला रोख भाडं दिलंय, म्हातारी पावती देत नाही, असं त्याने कोर्टात लेखी दिलं.

माझ्या सासूबाईंना त्याने खोटारडं ठरवलं, ते मला अजून विसरता येत नाही. त्या बाईचा हिशेब कसा असायचा ते सांगते. कॅलेंडरच्या पानामागे, दुधाच्या आकड्यांखाली, दर महिन्याला एक ओळ: वरचं भाडं आलं, तारीख, सबमीटरचा आकडा. आणि शेजारी त्या भाडेकरूचीच सही, कारण पैसे हातात घेतले की पेन त्याच्यापुढे धरायची त्यांची सवय. थकलेल्या महिन्यांच्या पानांवर मीटरचा आकडा आहे, पण भाड्याची ओळ नाही आणि सहीही नाही. उलटतपासणीत आमच्या वकिलांनी ती पानं एकेक करून त्याच्यापुढे ठेवली. सही माझीच, म्हणाला. पुढच्या पानांवर का नाही, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

निकाल आमच्या बाजूने लागला, खर्चासह. डिक्रीच्या, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या, शेवटी खर्चाचा तक्ता असतो. आमचा कानडीत होता, वकिलांच्या कारकुनाने वाचून दाखवला. कोर्ट फी, वकालतनाम्याचं तिकीट, समन्स बजावण्याचा खर्च आणि वकिलाची फी. फीची रक्कम आम्ही दिलेल्याच्या पाव हिस्साही नव्हती. आमचे थोरले दीर नेमकी तेवढीच ओळ धरून बसले. "वकिलाला चारलंत तेही परत आलं नाही, मी आधीच सांगितलं होतं, सोडून द्या म्हणून."

फी कमी का मिळते, ते समजून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 प्रमाणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा नियम आहे. कोर्टाला तसं करायचं नसेल तर कारण लिहावं लागतं. पण वकिलाची फी दाव्याच्या रकमेवरून, नियमातल्या तक्त्याप्रमाणे धरतात, तुमच्या खिशातून गेली तेवढी नाही. दिल्लीतल्या जागेच्या एका वादात हायकोर्टाने जिंकलेल्याला प्रत्यक्ष खर्च म्हणून 45 लाखांच्या वर रक्कम दिली होती. सुप्रीम कोर्टाने 2011 साली ती रद्द केली, नियमात बसेल तेवढाच खर्च द्या म्हणून, आणि हे नियमच सुधारायला हवेत असंही सांगितलं. खोटा बचाव केल्याबद्दल कलम 35अ खाली वेगळी भरपाई मागता येते, पण तिला 3000 रुपयांची मर्यादा आहे. खोटं बोलणाऱ्याला ही रक्कम काय लागणार? मला हा अन्याय वाटतो.

पण भावजींचा हिशेब अर्धाच आहे. कोर्ट फी त्या तक्त्यात आली. नोटिशीचा आणि टायपिंगचा खर्चही त्याच संहितेच्या ऑर्डर 20-अ खाली मागता येतो. थकलेल्या रकमेवर व्याज मिळतं. भाडेपट्टा संपल्यावरही भाडेकरू जागा अडवून बसला तर त्या काळाची नुकसानभरपाई वेगळी, आणि खरे पैसे तिथेच वसूल होतात. शिवाय भावजी पुण्यात राहतात. शहापुरात आम्ही राहतो, आणि सोडून दिलं असतं तर पुढच्या भाडेकरूला ते गल्लीतच कळलं असतं.

म्हणून तुमचं ॲग्रीमेंट आधी काढून बघा. थकबाकी वसुलीचा वकील-खर्च भाडेकरूने द्यायचा असं कलम त्यात असेल तर ती मागणी दाव्यात स्पष्ट घाला. पूर्ण मिळेलच असं नाही, कोर्ट वाजवी असेल तेवढंच देतं, पण मागितलंच नाही तर विषयच निघत नाही. वकिलांना फी चेकने द्या आणि पावती मागा. मागायला लाजू नका, त्यात वकिलाचा अपमान नाही.

आता दोन गोष्टी. ॲग्रीमेंट कमी किमतीच्या बाँडवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर, असेल तर कर्नाटक मुद्रांक कायद्याच्या कलम 34 खाली ते पुराव्यात घेण्याआधी उरलेली ड्युटी आणि तिच्या दहापट दंड भरावा लागतो, तेव्हा हे दाव्याआधी वकिलांना दाखवा. आणि मी सांगितलं ते साडेतीन हजारांवरच्या भाड्याचं. त्याहून कमी असेल तर 1999 चा कर्नाटक रेंट ॲक्ट लागू होऊ शकतो आणि जागा खाली करून घ्यायची वाट वेगळी होते.

थकलेलं भाडं मागायची मुदत तीन वर्षं आहे, प्रत्येक महिन्याचं भाडं देय झाल्यापासून. तुमचे सहाच महिने झालेत, घाई नाही. पण या आठवड्यात सबमीटरचा फोटो काढून ठेवा आणि नोटीस पोहोच पावतीसह पाठवा. ॲग्रीमेंटमध्ये खर्चाचं कलम आहे की नाही ते खाली लिहा.