बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालावं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

फिट आली की दातखीळ बसते, जीभ चावली जाते. दातांमध्ये चमचा घालावा का? हातपाय घट्ट धरावेत का?

दोन्ही करू नका. फिटमध्ये जबडा इतक्या ताकदीने आवळलेला असतो की चमचा घुसवताना दात तुटतो आणि तो तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ चावली जायची असेल तर ती बहुधा सुरुवातीलाच चावली जाते, आणि ती जखम भरून येते. हातपाय दाबून धरले तर खांदा निखळू शकतो.

आधी घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर सारा, डोक्याखाली मऊ कापड सरकवा, गळ्याजवळचं बटण सोडा. झटके बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. थांबले की माणसाला कुशीवर वळवा. डोकं किंचित मागे आणि तोंड जमिनीकडे झुकलेलं हवं, म्हणजे लाळ किंवा रक्त घशात न जाता बाहेर वाहतं. सैल पडलेली जीभ मागे पडून श्वास अडतो, त्यावरही हाच उपाय. नंतर काही वेळ गुंगी आणि गोंधळलेपण राहतं, ते अपेक्षितच आहे.

झटके 5 मिनिटांपुढे गेले, शुद्धीवर येण्याआधी दुसरी फिट आली, आयुष्यातली पहिलीच फिट असेल, किंवा रुग्ण गरोदर वा मधुमेही असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

एक गृहस्थ अचानक कोसळले. घोरल्यासारखा आवाज येत होता, अधूनमधून आ वासून ते हवा ओढत होते. श्वास चालू आहे असं समजून आम्ही त्यांना कुशीवर वळवून थांबलो. हृदय बंद पडल्याचं नंतर कळलं. हे कसं?

तुम्ही पाहिलंत तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर मेंदूच्या तळाचा भाग काही मिनिटं तग धरतो आणि अशा तुटक आचक्यांची आज्ञा देत राहतो. त्यातून फुप्फुसांत कामापुरती हवा जात नाही. भलेभले इथे फसतात, कारण आवाज मोठा असतो. त्यातच सुरुवातीला काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात, मग लोक त्याला फिट समजतात.

म्हणून हाक मारा, खांदे हलवा आणि छातीकडे जास्तीत जास्त 10 सेकंद बघा. प्रतिसाद नाही आणि छाती नेहमीसारखी वरखाली होत नाही, एवढं पुरे. नाडी शोधत बसू नका. एकाला रुग्णवाहिका बोलवायला आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, एईडी, आणायला सांगा आणि तुम्ही छाती दाबायला लागा.

गादीवर नको, कडक जमिनीवर. तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, मधोमध ठेवा. दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ, खांदे बरोबर वर. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा. चुका बहुधा दोनच होतात: दाब उथळ पडतो, किंवा दाबणारा हातावर रेलून राहतो. छाती पूर्ण वर येऊ दिली नाही तर हृदयात रक्तच भरत नाही, मग पुढचा दाब वाया. दर 2 मिनिटांनी माणूस बदला, दमल्याचं कळण्याआधीच दाब उथळ झालेला असतो. प्रशिक्षण असेल तर 30 दाबांनंतर 2 श्वास, नसेल तर नुसते दाब. मात्र लहान मुलांना आणि बुडालेल्यांना श्वास देणंही महत्त्वाचं असतं.

बरगडी मोडेल म्हणून थांबू नका. बरगडी जुळते.

वडिलांना मधुमेह आहे. साखर उतरून ते बेशुद्ध पडले तर तोंडात साखरेचं पाणी घालावं का?

बेशुद्धीत नाही. शुद्ध गेली की गिळण्याची आणि ठसक्याची राखण सुटते आणि पाणी थेट फुप्फुसांत उतरू शकतं. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी ग्लुकागॉन, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारं इंजेक्शन, दिलेलं असेल तर टोचा. त्याने उलटी होऊ शकते, म्हणून तेव्हाही कुशीवरच ठेवा.

शुद्धीत आहेत, गिळता येतंय आणि साखर 70 च्या खाली आहे, तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन-चार छोटे चमचे, पाण्यातून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटल्यावरही दवाखान्यात न्या, कारण काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते.

आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात काही अडकलं तर?

बाळ जोरात रडत किंवा खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर त्याला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, जबड्याला आधार. दोन खांद्यांच्या मध्ये 5 थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब, पुन्हा थापा. पोट मात्र दाबायचं नाही, या वयात यकृताला इजा होऊ शकते. वस्तू दिसत नसताना बोट घालू नका, ती आणखी खोल जाते. बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं.

शस्त्रक्रियेआधी पाणीही का तोडतात? आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बोलता का येत नाही?

भूल दिली की तीच घशाची राखण सुटते. पोटातलं आम्ल वर येऊन फुप्फुसांत गेलं तर ती भाजल्यासारखी होतात. साधारणपणे अन्न आणि दूध 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधी. दुधाचा चहा दुधातच मोजा. चुकून काही खाल्लं तर सांगा, तारीख पुढे गेली तरी चालेल.

व्हेंटिलेटरची नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणून आवाज फुटत नाही. बरेच दिवस गरज लागणार असेल तर गळ्याला छिद्र करून स्वरतंतूंच्या खाली नळी बसवतात. पुढे तिच्यावर बोलण्याची झडप लावता येते. झडप हवा आत घेऊ देते पण नळीतून बाहेर सोडत नाही, श्वास स्वरतंतूंमधून वर जावा लागतो. म्हणून ती लावण्याआधी नळीभोवतीचा फुगा पूर्ण रिकामा केलेला आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा. फुगा भरलेला राहिला तर सोडलेल्या श्वासाला वाटच उरत नाही आणि रुग्ण गुदमरतो.