लाडू झाले, खीर झाली, तरी दूध वाढेना

"ताई, मला दूधच येत नाहीये ओ." एवढं बोलून पोरगी फोनवर रडायलाच लागली, मग तिच्या आईने फोन घेतला आणि एका दमात सगळी यादी सांगितली, अळीवाची खीर सुरू आहे, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शतावरी दुधातनं दोन टाइम, खसखशीची खीर पण केली, तरी बाळाला पुरत नाही, अजून काय खायला घालू ते सांगा.

मी स्तनपान समुपदेशनाचं काम करते आणि मला येणारे बहुतेक फोन असेच असतात. प्रश्न नेहमी "काय खाऊ" हाच. ही केस लिहितेय कारण घरात कुणाचीच काही चूक नव्हती, उलट सगळे जीव लावून करत होते, आणि तरी दूध कमी होत चाललेलं. (ओळख पटेल असे तपशील गाळलेत.)

पहिलंच बाळंतपण, सिझर, माहेरी आलेली, बाळ १९ दिवसांचं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणालं दूध उतरलं नाही, बाळ उपाशी आहे, आणि पावडरचं दूध चालू झालं. खरं तर पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, तोही चमचा-दोन चमचे, आणि त्यावेळी बाळाला एका वेळेला तेवढाच लागतो. भरभरून दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझर असेल तर कधीकधी एखादा दिवस उशिरा. ते कुणी तिला सांगितलंच नाही. त्यात तिने पंप लावून बघितला, २० मिली निघालं, झालं, तिची खात्रीच पटली. पंपावर किती निघतं त्यावरून किती दूध आहे ते कळत नाही हो, नीट ओढणारं बाळ पंपापेक्षा बरंच जास्त काढतं.

मी घरी गेले. आधी पाजताना बघितलं. ती बाळावर वाकून बसलेली, पाठ दुखतेय, खांदे वर चढलेले, आणि बाळाच्या तोंडात नुसतं बोंड. दूध बोंडात नसतं, त्यामुळे बाळाने भोवतीचा काळा भाग पण तोंडात घ्यावा लागतो. तिला मागे टेकून बसवलं, टाक्यांवर भार नको म्हणून बाळ बगलेकडून घेतलं, पोट आईच्या अंगाला चिकटलेलं, डोकं-मान-पाठ एका रेषेत, नाक बोंडासमोर. मग थांबायचं. बाळाने जांभईसारखा मोठा आ केला की हनुवटी आधी टेकवून पटकन जवळ घ्यायचं. चौथ्या प्रयत्नाला जमलं आणि खोलीत गुटूक गुटूक आवाज यायला लागला. ती माझ्याकडे बघतच राहिली, म्हणाली, "दुखत नाहीये."

मग विचारलं, रात्री किती वेळा पाजतेस? दोघी गप्प. आई म्हणाल्या, "रात्री मीच बघते बाळाकडं. अकराला देते पावडरचं, मग तीनला. हिला उठवत नाही, ओली बाळंतीण, झोप नको का मिळायला."

इथेच सगळं अडलेलं. २४ तासांत नवजात बाळाने आठ ते बारा वेळा अंगावर प्यायला पाहिजे आणि हे बाळ जेमतेम पाच वेळा पीत होतं, त्यात रात्रीचे सात-आठ तास पूर्ण कोरडे. दूध बनवायचा संदेश देणारं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन रात्री जास्त असतं, म्हणजे कामाची वेळ तीच. आणि छाती भरून तशीच राहिली की शरीराला वाटतं एवढं लागत नाही, मग ते बनवणंच मंद करतं.

हे मी समजावत होते आणि तिची आई (मी त्यांना मावशी म्हणते) मध्येच म्हणाल्या, "म्हंजे म्हशीसारखंच की. कास रिकामी नाही केली तर आटतेच." त्यांच्या दारात दोन म्हशी, मला जे अर्धा तास लागला असता ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी म्हटलं, बरोबर, आणि धारेच्या वेळी अनोळखी माणूस उभं राहिलं तर? "पान्हा चोरते." मग बाईचंही तसंच असतं मावशी. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं हार्मोन लागतं, ते भीतीने, दुखण्याने, टोमण्याने अडतं. बाळ बघायला आलेल्या बायका तिच्यासमोरच "दूध आहे का गं पुरेसं?" विचारत होत्या, रोज. मावशी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून पाजायच्या वेळी खोलीचं दार लावून स्वतः बाहेर बसायला लागल्या.

वरचं दूध मी एकदम बंद नाही केलं. कुणीच करू नका असं, बाळ खरंच उपाशी राहील. पावडरचं मिळून दिवसाला ३६० मिली चाललेलं, ते वजन बघत बघत ६० मिलीने कमी करत गेलो, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने. पावडरीत पाणी वाढवून पुरवायचं नाही हेही बजावलं. आधी दोन्ही बाजूला अंगावर, बाळ ओढायचं थांबलं की छाती हलकेच दाबायची म्हणजे परत ओढतं, मग लागलं तरच वरचं. दिवसातून तासभर तरी बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. रात्री मावशीच उठायच्या पण बाळ लेकीजवळ आणून द्यायला, पिऊन झालं की ढेकर काढून झोपवायचं काम त्यांचं.

आणि लाडू? खाऊ दे की. पोटभर जेवण, तहान लागेल तेवढं पाणी हे लागतंच, बाळंतिणीचं पाणी तोडू नका. अळिवात लोह असतं, चांगलंच आहे. पण शतावरी, मेथीने दूध नक्की वाढतं असा भक्कम पुरावा नाही, आणि डायबेटिसची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर मेथी जास्त प्रमाणात घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. थायरॉइड, खूप रक्त गेलेलं असणं, नाळेचा तुकडा आत राहणं, बाळाची जीभ खालून आखडलेली असणं, या कारणांनी दूध खरंच कमी पडू शकतं आणि तिथे लाडू काही करू शकत नाहीत, म्हणून तिची थायरॉइडची तपासणी करून घेतली. नॉर्मल आली.

पाचव्या दिवशी तिचा फोन, संध्याकाळी बाळ सोडतच नाही, सारखं मागतं, म्हणजे परत कमी झालं ना? नाही गं. संध्याकाळी बरीच बाळं तासन्‌तास चिकटून पितात. बाळ रडतं यावर जाऊ नकोस, लंगोट मोज. पहिला आठवडा झाला की दिवसात सहा तरी चांगले ओले हवेत, लघवी फिकट, आणि वजन रोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढायला हवं. लंगोट कमी, बाळ सुस्त, प्यायलाच उठत नाही, तर फोनची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

दुसऱ्या आठवड्यात एकदा वजन हवं तसं वाढलं नाही, तेव्हा कमी केलेलं ६० मिली परत चालू केलं. ती खूप रडली त्या दिवशी. मी तिला म्हटलं, हे औषधासारखं धर, हरलीस असं नाही. चार दिवसांनी वजन सावरलं आणि मग परत कमी करायला घेतलं.

सव्वा महिन्याला फक्त संध्याकाळचं ६० मिली उरलेलं. दोन महिने व्हायच्या आत तेही सुटलं, ते कधी सुटलं ते तिच्याही लक्षात आलं नाही, मावशींनी पावडरचा डबा दोन दिवस उघडलाच नव्हता तेव्हा कळलं.